कशेळ्याचं आमंत्रण

अंथरुणाला खिळून राहणं ही गोष्ट देवाने ज्याच्यासाठी मुळीच योजलेली नव्हती असा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझे साडू. बाकी आपण सगळे थोडेफार आडवे होण्यासाठीच जन्माला येतो. मी तर खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दुपारचं जेवून आडवा होतो तो चहाच्या वासानेच उठतो. साडूंना मात्र मी कधी खुर्चीतसुद्धा नीट टेकलेलं पाहिलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर बसायचे, अर्धा कप चहा उभ्याने प्यायचे आणि उरलेला अर्धा 'परत येतो तेव्हा' म्हणून ठेवून जायचे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. कर्जतच्या बाजारात त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. मी त्यांना दादा म्हणतो आणि ते मला 'धाकटे' म्हणतात. मी सासऱ्यांचा धाकटा जावई, एवढाच त्या नावाला आधार. आता माझी साठी उलटली, पुढचे दोन दात गेले, तरी भर बाजारात 'अहो धाकटे!' अशी हाक येते आणि कोणाचं पोर हरवलं की काय म्हणून लोक वळून बघतात.

दादांची सायकल काळी, जाड दांडीची, त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिच्यावर बसून पँटला क्लिपा लावलेले दादा निघाले की कर्जतच्या बाजारातल्या म्हशीसुद्धा बाजूला होत. म्हणजे आपण होऊन नव्हे, दादांची घंटीच तशी होती. सायकलीबद्दल त्यांची मतं ठाम. पायी चालणारा कुठेच पोचत नाही आणि मोटारीतला पोचतो, पण वाटेत त्याला कुणी भेटत नाही, हे एक. चढ आला की उतरून सायकल हाती धरावी, त्यात कमीपणा नाही, पण उतारावर पाय मारणारा माणूस उतावळा, त्याला मुलगी देऊ नये, हे दुसरं. शनिवार-रविवारी मुंबईहून ते रंगीबेरंगी घट्ट कपड्यांतले सायकलवाले आमच्या रस्त्यांवर येतात. त्यांच्यातला एक तरुण एकदा कडावच्या चहाच्या टपरीवर दादांना कौतुकाने म्हणाला, "काका, किती गिअर आहेत तुमच्या सायकलला?" दादा म्हणाले, "देवाच्या दयेने एकच. जास्त असते तर आम्हीही तुमच्यासारखे गोंधळलो असतो." तो तरुण जाईपर्यंत हसत होता. दादा हसत नव्हते. त्यांना ते खरंच वाटत होतं.

पण दादांचं खरं वेड सायकल नव्हे, आमंत्रण. सायकल हे त्या वेडाचं वाहन. आमच्या दोन्हीकडच्या गोतावळ्यात लग्न असो, मुंज असो, बारसं असो, अक्षत घेऊन घरोघर जाण्याचं काम दादांचं. कोणी त्यांना नेमलं नव्हतं, आणि काढून टाकण्याची कोणाची छाती नव्हती. आमंत्रण समक्षच द्यायचं. उंबरा ओलांडून आत जायचं, दिलेलं पाणी प्यायचं, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या हातात अक्षत ठेवायची आणि "सगळ्यांनी यायचं" असं म्हणून तो माणूस "येतो" म्हणेपर्यंत उठायचं नाही. एके वर्षी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. आदल्या संध्याकाळी फोनवर आमचं त्यावरच अर्धा तास बोलणं झालं होतं. शिऱ्याला साजूक तूप कुठलं आणायचं तेसुद्धा माझ्याच सल्ल्याने ठरलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात दादा चौकच्या रस्त्याने सायकल मारत खालापूरला माझ्या दारात हजर! "अहो, काल बोललो ना आपण?" मी म्हटलं. घाम पुसत ते म्हणाले, "काल बोलणं झालं. हे आमंत्रण." मग माझी आई तेव्हा होती, तिच्या हातात त्यांनी अक्षत ठेवली, पाणी प्यायले आणि आल्या रस्त्याने परत गेले. समक्ष बोलावलं नाही म्हणजे बोलावलंच नाही, हा त्यांचा कायदा. ह्या कायद्यापायी सख्ख्या चुलतभावाच्या मुलाच्या लग्नाला ते गेले नव्हते. पत्रिका टपालाने आली म्हणून!

ह्या आमंत्रणांत एक घर ठरलेलं. पहिली पत्रिका कडावच्या गणपतीपुढे आणि दुसरी तिथून पुढे कशेळ्याला. कशेळ्याच्या बाजारापासून थोडं आत, डोंगराच्या अंगाला दादांच्या शाळेतल्या मित्राचं घर आहे. शेतकरी माणूस. दादांच्या दुकानातली दर्भाची जुडी, पळसाच्या समिधा, आंब्याचे टहाळे हे सगळं वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच येत आलं. लहानपणी हा मित्र शिकायला कर्जतला आत्याकडे राहायचा. दोघांनी मिळून भाड्याची सायकल घ्यायची आणि नदीकडच्या मैदानावर जायचं. त्याला येत होती, दादांना येत नव्हती. तो मागून सीट धरून पळायचा आणि ओरडायचा, "खाली बघू नको रं, फुडं बघ!" दादा ओरडायचे, "सोडू नको!" आणि त्याने केव्हाच सोडलेलं असायचं. ही गोष्ट दादांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की ते मैदान, ती संध्याकाळ मीच पाहिल्यासारखी वाटते. पुढे त्या मित्राच्या घरचं कुठलंही कार्य दादांच्या पहिल्या पंगतीवाचून झालं नाही, आणि दादांच्या घरचं त्याच्या.

दादा कधीतरी सायकलवरून पडणार, हे भाकीत आमच्या नात्यातल्या प्रत्येकाने करून ठेवलं होतं. चौकच्या रस्त्यावर डंपर सुटतात, कोणी ना कोणी उडवणार, असं मीही म्हणत असे. दादा सायकलवरून कधीच पडले नाहीत. पडले ते दुकानातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावरून. श्रावण संपत आला होता, गणपतीची गर्दी सुरू व्हायची होती, आणि वरच्या फळीवरचं कापराचं खोकं काढायला ते चढले. स्टुलाचा पाय फाकला आणि दादा पाठीवर, थेट दुकानाच्या उंबऱ्याच्या कडेवर आले. ताई, म्हणजे माझी मेहुणी, सांगतात की पडल्यावर ते ओरडले नाहीत. छताकडे बघत शांतपणे म्हणाले, "अगं, मला पाय आहेत का बघ." पाय होते, पण मणका मोडला होता. पनवेलला नेलं, ऑपरेशन झालं, पाठीत स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले नशीब थोर, चालतील. सायकलीचं विचारायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. दादांना सुचलं. डॉक्टर त्यांच्याकडे बघून नुसते हसले, आणि ते हसणं दादांनी पुढे कित्येक महिने मनात धरलं.

घरी आणल्यावर दादांनी पहिला हुकूम सोडला तो सायकलीची घंटी काढून पलंगाच्या कडीला बसवण्याचा. एकदा वाजवली की पाणी, दोनदा वाजवली की कुशीवर वळवायला या. कुशीवर वळणं हा एक सोहळाच असे. कमरेत जरासुद्धा पीळ न पडता, लाकडाच्या ओंडक्यासारखं, खांदा आणि ढुंगण एकदम वळलं पाहिजे. एक बाजू ताई, दुसरी बाजू मी आणि मध्ये दादा आम्हालाच सूचना देत, "धाकटे, तुम्ही ढकलताय, वळवत नाही." भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. कोणी नागवेलीचा लेप सांगे, कोणी नेरळच्या बाजूचा हाडवैद्य, कोणी आपल्या मेव्हण्याचा मणका कसा बरा झाला आणि मग तो कसा वर्षाच्या आत वारला ते खुलवून सांगे. एक गृहस्थ गेल्यावर दादा म्हणाले, "माझा मणका मोडलाय, अक्कल शाबूत आहे. पण येणारा प्रत्येक जण दोन्हीची चौकशी करून जातो." आम्ही हसलो. हळूहळू मात्र हे बोलणं आटत गेलं. रात्रंदिवस पाठीत कळा, डाव्या पायात मुंग्या, पाऊस संपून दिवस कोरडे झाले तरी खिडकीतून दिसणारा तोच एक विजेचा खांब. दादा भिंतीकडे तोंड करून पडू लागले. मी गेलो तरी 'या धाकटे' म्हणायचे नाहीत. आणि एक दिवस ताई मला दारातच म्हणाल्या, "भाऊजी, कालपासून घंटी वाजली नाही हो." तहान लागली तरी ते घंटी वाजवत नव्हते. ताईच आपल्या मनाने पाणी घेऊन जायच्या, तेव्हा तांब्या जसाच्या तसा भरलेला असायचा. ताईंना मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

अशात माघातली लग्नाची तारीख जवळ आली. दादांची एकुलती एक मुलगी. लग्न त्यांच्या पडण्याआधीच ठरलं होतं. पुढे ढकलू म्हटलं तर दादाच नको म्हणाले, मुलाकडच्यांची गैरसोय नको. पत्रिका छापून आल्या. एरवी तो गठ्ठा हातात आल्याबरोबर दादांनी जमिनीवर पसरून नेरळकडच्या, चौककडच्या, कशेळ्याकडच्या अशा वाटण्या केल्या असत्या. आता ताईंनी तो त्यांच्या उशाशी ठेवला आणि विचारलं, "अहो, आमंत्रणांचं कसं करायचं? भाऊजी आणि मी जाऊन येऊ का घरोघर?" दादांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "कशाला फिरता? पाठवा मोबाईलवर. सगळ्यांना." ताई स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. ऑपरेशनच्या दिवशी जे आमच्या लक्षात आलं नव्हतं ते तेव्हा लक्षात आलं. माणूस आतून आडवा झाला होता. पत्रिकेचा फोटो एका बोटासरशी सगळ्या गोतावळ्यात गेला. खाली लोकांनी अंगठे, फुलं आणि हात जोडलेली चित्रं पाठवली. कशेळ्याच्या मित्राकडे मोबाईल नव्हता, म्हणून तिथे त्याच्या मुलाच्या मोबाईलवर पाठवली.

लग्न नीट पार पडलं. दादांना पाटावर मांडी घालून बसता येईना, म्हणून कन्यादानाला मी आणि माझी बायको बसलो. दादा दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत, कोटाच्या आत पाठीला आधाराचा कडक पट्टा. त्यामुळे ते असे ताठ दिसत होते की वराकडची माणसं आपसात म्हणत होती, मुलीचे वडील भारी रुबाबदार दिसतात. मुलीचा हात मी दुसऱ्याच्या हातात देत होतो आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे, बापाकडे होती. बाप मात्र हॉलच्या दाराकडे बघत होता. मंगलाष्टकं झाली, पंगती बसल्या, दादा दाराकडेच बघत होते. मध्ये मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "धाकटे, कशेळं आलं का?" कशेळ्याहून मित्राचा मुलगा तेवढा एकटा आला होता. आहेराचं पाकीट दादांच्या हातात देऊन तो पाया पडायला वाकला. दादांनी विचारलं, "तुझे वडील कुठायत?" मुलगा अवघडला. मग खाली बघत म्हणाला, "बा नाय आला काका. मी लई सांगितलं. बा बोलला, पत्रिका तुज्या मोबाईलवर आली, मंजे तुला बोलावलंय. मला बोलवायला तो येनार, तवा मी जानार." काय झालंय ते म्हाताऱ्याला ठाऊक नव्हतं का? तर मुलाने दादांच्या पडण्याचं त्याला सांगितलंच नव्हतं. म्हातारा अलीकडे काही विसरतो, काही भलतंच धरून बसतो, उगाच जिवाला घोर नको, म्हणून. पाकीट दादांनी मांडीवर ठेवलं आणि पाठवणीपर्यंत तसंच ठेवलं. त्यांच्याच कायद्याने त्यांना पकडलं होतं आणि त्यांना तो कायदा मोडीत काढता येत नव्हता.

मुलगी पुण्याला गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादांची घंटी वाजली. ताई धावत गेल्या. "मला बसव," दादा म्हणाले. "कशेळ्याला जायचंय." तेव्हापासून त्या माणसाने जो छळ मांडला त्याची गणती नाही. व्यायाम करून घ्यायला नेरळहून एक मुलगी यायची. बिचारी शांत, अगदी हळू आवाजात "काका, श्वास सोडा" म्हणणारी. दादा तिला रोज पहिला प्रश्न विचारायचे, "सायकल केव्हा?" तिने एकदा सांगून टाकलं, "चालेल काका पुढे, पण खड्डे अजिबात नकोत." दादा म्हणाले, "मग कर्जत सोडून जावं लागेल." जावयाने पुण्याहून ती व्यायामाची, जागच्या जागी चालणारी सायकल पाठवली. दादा तिच्यावर बसले, घाम येईपर्यंत पाय मारले, उतरले आणि आजूबाजूला बघून म्हणाले, "एवढं करून मी अजून हॉलमध्येच!" त्यानंतर तिच्यावर टॉवेल वाळू लागले. आम्ही सगळ्यांनी विनवलं की गाडी करू, आत्ता जाऊ, अर्ध्या तासाचा तर रस्ता. ऐकतील तर शपथ! "गाडीने गेलो तर तो म्हणेल, गाडी मिळाली म्हणून आला. पन्नास वर्षं त्याच्या दारात मी सायकलवरून गेलोय. तसाच जाईन, नाहीतर नाही." ह्या 'नाहीतर नाही'ची मला भीती वाटायची, कारण ते खरं होण्याचीच लक्षणं जास्त होती.

पावसाळा सरता सरता ते काठीशिवाय चालू लागले, आणि एक दिवस काळी सायकल अंगणात घेतली. मी कॅरियर धरून उभा होतो. दादांनी डावा पाय पायडलवर ठेवला आणि उजवा पाय उचलायला गेले, तर तो उचललाच जाईना. दांडीवरून टांग टाकायला कमरेत जो पीळ पडावा लागतो तो पाठीतल्या स्क्रूंना मान्य नव्हता. दोनदा केलं, तिसऱ्यांदा करताना तोंड पांढरं पडलं. मग ते सायकलीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "धाकटे, दुखत नाहीये हो. भीती वाटते." ज्या माणसाला डंपरची भीती वाटली नव्हती त्याला आपल्याच पायाची वाटत होती. ते घरात गेले आणि दोन दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले. त्याच आठवड्यात कशेळ्याहून मुलाचा फोन आला. म्हातारा आता घरच्यांनाही कधी ओळखतो, कधी नाही. पण दर दोन दिवसांनी विचारतो, कर्जतचा का येत नाय, माझ्यावर रुसलाय का? फोन ताईंनी घेतला होता. सांगावं की नाही असं त्यांना झालं, पण सांगितलं. दादा उठून बसले. म्हणाले, "मागची खोली उघड."

मागच्या खोलीत मुलीची कॉलेजची सायकल होती. लेडीज सायकल, मध्ये दांडी नसलेली, जांभळ्या रंगाची, पुढे पांढरी टोपली आणि हँडलच्या टोकांना रंगीत झिरमिळ्या. ह्या सायकलीची दादांनी किती टिंगल केली होती ते मुलगी अजून सांगते. तिच्यावर आता पाय वर न टाकता, दारातून आत शिरावं तसं बसता येत होतं. झिरमिळ्या तेवढ्या काढू या, मी म्हटलं. दादा म्हणाले, "राहू द्या. पोरीच्या आहेत." पलंगाची घंटी काढून त्यांनी ह्या सायकलीला बसवली. आधी गल्लीत, मग नदीपर्यंत, मग पुलापर्यंत. बाजारातली पोरं हसली. दादांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. रात्री पाठ शेकताना कण्हायचे आणि सकाळी पुन्हा टोपलीत पाण्याची बाटली ठेवून निघायचे. ती मुळी वेळेशी शर्यत लावून चालवलेली सायकल होती, हे आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून 'आज नको' म्हणायचं आम्ही सोडून दिलं.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी निघालो. पुढे जांभळ्या सायकलीवर दादा, मागे स्कूटरवर मी. टोपलीत उरलेल्या पत्रिकांतली एक, आणि हळदकुंकवाने रंगवलेल्या अक्षतांची पुडी. लग्न होऊन दहा महिने होत आले होते. कडावला गणपतीपुढे त्यांनी आधी पत्रिका ठेवली, हात जोडले, तीच पत्रिका परत उचलून टोपलीत घातली. पुढच्या चढावर उतरून चालले. चालताना मध्येच थांबून हँडलवर कपाळ टेकत. मी म्हटलं, "दादा, इथून स्कूटरवर बसा, सायकल मागून टेंपोने आणू." ते म्हणाले, "धाकटे, तुम्ही मागेच राहा. पुढे आलात तर मी खाली बघीन." म्हणून मी मागे राहिलो. एवढ्या हळू स्कूटर चालवणं सायकलीहून अवघड असतं. दोन्ही पाय टेकत टेकत, पुढे त्यांची ती कडक ताठ पाठ बघत मी कशेळ्यापर्यंत गेलो. वाटेत त्यांच्याच वयाची काही कामकरी माणसं सायकलींवरून बाजूने भराभर निघून गेली. दादांनी त्यांना घंटी वाजवली नाही.

म्हातारा ओट्यावर उन्हात बसला होता. अंगावर स्वेटर, मांडीवर रिकामं सूप. सायकल अंगणात आली तसं त्याने डोळ्यांवर हात धरला. "कोन रं?" "कर्जतचा." त्याने सायकल वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग म्हातारा म्हणाला, "ही कुना पोरीची सायकल पळवून आनलीस?" दादा हसले. दादांना असं हसताना मी सव्वा वर्षात पाहिलं नव्हतं. ते उंबरा ओलांडून आत गेले, दिलेलं पाणी प्यायले, बाहेर येऊन मित्राच्या हातात अक्षत ठेवली आणि म्हणाले, "मुलीचं लग्न आहे. सगळ्यांनी यायचं." म्हाताऱ्याचा मुलगा दारात उभा होता. तो काहीतरी बोलायला पुढे झाला, मी त्याचा हात धरला. म्हाताऱ्याने अक्षतांवर बोटं मिटली. "कवा हाय?" त्याने विचारलं. दादांनी माझ्याकडे बघितलं. मग घसा खाकरून म्हणाले, "पुढच्या महिन्यात."

"मंग आता येतूस व्हय? मला वाटलं, मला इसरलास."

"पडलो होतो रे."

"सायकलवरनं?"

"नाही. स्टुलावरून."

म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला. "तुला कवापासनं सांगतुया, खाली बघू नको," तो म्हणाला, आणि मग एकदम गंभीर होऊन, "येतो. लग्नाला येतो मी." निघताना दादा सायकलीत शिरले, पण पाय उचलवेना. चढ चालून कंबर धरली होती. तेवढ्यात म्हातारा ओट्यावरून उतरला. कोणाला काही कळायच्या आत त्याने मागून सीट धरली आणि अनवाणी, वाकलेला, अंगणातून रस्त्यापर्यंत ढकलत गेला. "फुडं बघ! फुडं बघ रं!" दादा ओरडले, "सोडू नको!" म्हाताऱ्याने रस्त्याला लागल्याबरोबर सोडलं आणि दादा गेले. म्हातारा कमरेवर हात ठेवून धापा टाकत बघत राहिला, आणि मी, साठी उलटलेला माणूस, स्कूटरची किल्ली शोधण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

तेव्हापासून दर महिन्याला कशेळ्याला आमंत्रण जातं. कारण म्हातारा विसरतो. चार-आठ दिवस त्याला लग्नाची आठवण असते, मुलाला धुतलेला सदरा काढून ठेवायला लावतो, आणि मग सगळंच पुसून जातं. तेव्हा दादा पुन्हा एक पत्रिका घेऊन निघतात. लग्न पुढच्या महिन्यात. मुलीला आता दिवस गेलेत. ती फोनवर हसते आणि म्हणते, बाबा, माझं लग्न अजून केव्हा लागायचंय? दादांची पाठ पहिल्यासारखी होणार नाही, हे डॉक्टरांनी साफ सांगितलंय. थंडीत ती आवळून येते, कशेळ्याहून आल्यावर दोन दिवस अंथरुणातच जातात. उशाशी पत्रिकांचा गठ्ठा पातळ होत चाललाय. आधी गठ्ठा संपेल, का पाठ, का म्हातारा, ह्याचा विचार मी करत नाही, म्हणजे करतो आणि सोडून देतो. मागे स्कूटर घेऊन मी असतोच.

परवा गेलो तेव्हा म्हाताऱ्याने विचारलंच नाही, कोन रं म्हणून. अक्षत घेतली, येतो म्हणाला, पण डोळ्यांत ओळख नव्हती. दादा ते समजले की नाही, मला सांगता येणार नाही. पाणी पिऊन ते उठले, सायकलीत शिरले, आणि म्हातारा सवयीने उतरून मागे गेला. सीट धरली, रस्त्यापर्यंत ढकललं, सोडलं. मग माझ्याकडे वळून हलक्या आवाजात त्याने विचारलं, "कोन होता रं त्यो?" मी म्हटलं, "कर्जतचे आहेत." म्हातारा दूर जाणाऱ्या त्या जांभळ्या सायकलीकडे बघत होता. "नवा शिकतुया वाटतं," तो म्हणाला. "शिकंल. खाली बघत नाय."

पुढच्या वळणावर दादा एक पाय टेकून माझ्यासाठी थांबले होते. "काय म्हणत होता हो, धाकटे?"

"लग्नाला येतो म्हणाला," मी सांगितलं.

"येणारच," दादा म्हणाले. "समक्ष बोलावलंय."